तांदळातलं नाव, पलटणीतलं नाव: माजी सैनिक गेल्यावर घरच्यांनी काय करायचं

ह्यांचा आर्मी नंबर मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. चोवीस वर्षं प्रत्येक पाकिटावर तोच लिहिला: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ. माझी स्वतःची जन्मतारीख मात्र शाळेच्या दाखल्यावर एक आणि आईच्या म्हणण्यात दुसरी.

आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९७५ साली भरती झाले, १९९९ साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एका पहाटे छातीत कळ येऊन गेले. मी अंगणवाडीत रजिस्टरं भरत आयुष्य काढलेली बाई. कागदांचं मला कोण शिकवणार, असा माझा ताठा होता. तो पुढच्या पाच महिन्यांत उतरला. तेव्हापासून आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुणी जुना फौजी गेला की त्याच्या घरच्या बायका माझ्याकडे येतात, नाहीतर मीच जाते. तिथं ओट्यावर बसून जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

हे सगळं पेन्शनीत आलेल्या फौजीबद्दल आहे. नोकरीत असताना जवान गेला तर त्याची पलटण आणि जवळचं स्टेशन हेडक्वार्टर (म्हणजे छावणीतलं फौजेचं कार्यालय) बरंचसं स्वतः करतं; पार्थिवाबरोबर माणूस येतो, सलामी होते, पुढचे कागदही तेच हलवतात. पेन्शनीत आलेल्याच्या घरी असं कुणी आपणहून येत नाही. कारण तो गेला हे तुम्ही कळवल्याशिवाय फौजेला कळतच नाही.

पहिल्या दिवशी: तिरंगा, फुलं आणि भांडणं

आमच्याकडे अंघोळ घालायच्या आधीच गल्लीतली पोरं पंधरा ऑगस्टचा झेंडा घेऊन आली. भावना चांगलीच होती. पण शेजारच्या गावचे एक निवृत्त सुभेदार साहेब बसले होते, त्यांनी हात धरला. राष्ट्रीय ध्वज अंगावर पांघरण्याचा मान शासकीय, सैनिकी किंवा निमलष्करी दलाच्या इतमामातल्या अंत्यविधीलाच आहे. घरगुती अंत्ययात्रेत तो घालणं १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या कायद्यात बसत नाही आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गावात कुणी फिर्याद करत नाही ही गोष्ट वेगळी. पण आयुष्यभर ज्यानं झेंड्याचा कायदा पाळला त्याच्यावरच तो मोडायचा, हे मला तरी पटलं नाही.

जिथं तो मान असतो तिथंही रीत ठरलेली आहे: केशरी पट्टी डोक्याकडे, आणि अग्नी द्यायच्या किंवा मातीत ठेवायच्या आधी ध्वज काढून घ्यायचा. चितेवर जळू द्यायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. ध्वजसंहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

मग आम्ही काय केलं? एका ताटात ह्यांची मेडलं आणि पलटणीची टोपी ठेवली. माजी सैनिक संघटनेचे दहा-बारा जण आपापली मेडलं लावून आले, पुष्पचक्र वाहिलं, रांगेत उभं राहून सॅल्यूट केला. अग्नी देताना त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं खणखणीत आवाजात आरोळी दिली, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’ मराठा पलटणीची हीच आरोळी. तोवर मी रडले नव्हते.

तुमच्या तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला (आमच्याकडे त्याला अजून सोल्जर बोर्डच म्हणतात) पहिल्या तासातच फोन लावा. जवळ छावणी असेल तर स्टेशन हेडक्वार्टरलाही कळवा. फोनवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण, अंत्यविधीची जागा आणि वेळ एवढंच सांगा. शौर्यपदक असेल तर ते वाक्य सगळ्यात आधी बोला. कुणी आलं तर मान. नाही आलं तर त्यावरून सरपंचाशी किंवा तलाठ्याशी भांडू नका. बंदुकीची सलामी मागितली की मिळते असं नाही, शासकीय इतमाम कुणाला द्यायचा ते सरकार ठरवतं. मी एका घरी बिगूल येणार म्हणून चार तास देह ठेवलेला पाहिला आहे. शेवटी अंधार पडला.

ज्यांच्यात दफन करतात त्यांनीही गावच्या किंवा समाजाच्या दफनभूमीचीच सोय पाहायची. खडकीची युद्ध दफनभूमी बघून एका बाईंना वाटलं होतं की माजी सैनिकाला तिथं जागा मिळत असेल. तसं नाही, ती जागा महायुद्धांतल्या सैनिकांची आहे आणि ती राष्ट्रकुल युद्धकबर आयोग सांभाळतो.

खर्चाचं म्हणाल तर अंत्यविधीसाठी तातडीची काही मदत बसते का, हे सोल्जर बोर्डाला आणि रेकॉर्ड ऑफिसला (पलटणीतल्या माणसांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पहिल्याच पत्रात विचारून टाका. लाकडाची, गाडीची, दवाखान्याची पावती फाडू नका. पण त्या पैशाच्या भरवशावर तेराव्याचं जेवण कर्जानं घालू नका, एवढं मी थोरल्या बहिणीच्या हक्कानं सांगते.

मृत्यूचा दाखला, आणि त्यावरचं स्पेलिंग

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. घरी माणूस गेला असेल तर ग्रामपंचायतीत, दवाखान्यात गेला असेल तर दवाखाना आपण होऊन कळवतो, पण कळवलं की नाही याची खात्री तुमची तुम्हीच करा. २१ दिवस उलटले की विलंब शुल्क, महिना उलटला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं की थेट दंडाधिकाऱ्याचा आदेश.

आता यात गोम अशी की आमच्याकडे बाई तेरा दिवस उंबरठा ओलांडत नाही. काही घरांत तर वर्षभर कुठं जाऊ देत नाहीत. आणि कागदांचं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवांच्या जुन्या प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याची बातमी मी अंगणवाडीत मोठ्यानं वाचून दाखवली होती. वर्ष सरायच्या आत मलाच त्याचा उपयोग झाला. सावडणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन बसले. सासूबाईंना आवडलं नाही. पण त्याही फौजीच्या आई, दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, ‘झालं का काम?’

दाखल्यासाठी जाताना आधार कार्डाबरोबर डिस्चार्ज बुक, म्हणजे पेन्शनीत येताना फौजेनं दिलेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, न्या. दाखल्यावर नाव मराठीतही येतं आणि इंग्रजीतही, आणि इंग्रजी नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे अक्षरशः तसंच पाहिजे. पलटणीतल्या कारकुनानं १९७५ साली जे स्पेलिंग ठोकलं असेल तेच खरं, मग ते कितीही विचित्र दिसो. एका घरी ‘राव’ जास्तीचा लागला म्हणून दाखला दुरुस्त करायला दोन महिने गेले. छापायच्या आधी स्क्रीनवर वाचून घ्या. आणि एका वेळी दहा प्रती काढा. बँक, विमा, पॉलिक्लिनिक, कॅन्टीन, तहसील, प्रत्येकाला आपापली लागते आणि परत कुणी देत नाही.

अपघातानं मृत्यू झाला असेल तर पोलिसांचा पंचनामा, एफआयआर आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती जपा. बऱ्याच बँकांच्या पेन्शन खात्याला अपघात विमा जोडलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. खातं ज्या शाखेत आहे तिथं तोंडी नको, लेखी विचारा.

आणखी एक. माणूस गेला की त्याच्या आजाराच्या फायली घरात नको म्हणून बायका नदीत सोडतात, नाहीतर चुलीत घालतात. करू नका. ज्याला अपंगत्वाची पेन्शन होती तो जर त्याच आजारानं गेला असेल, तर बायकोला साध्याऐवजी विशेष कुटुंब पेन्शन मिळू शकते का हे तपासता येतं. ती शेवटच्या पगाराच्या ६० टक्के, साधी ३० टक्के. दुप्पट रक्कम त्या फाईलच्या आधारावर ठरते. एका काकूंनी मला राखेचा ढीग दाखवला होता. पुढं काय बोलणार?

एटीएम कपाटात ठेवा

हे मी सगळ्या मुलांना दरडावून सांगते, कारण चूक नेहमी मुलंच करतात. वडील महिन्याच्या मध्यावर गेले, महिनाअखेरीला पेन्शन खात्यात आली, आणि दहाव्याच्या खर्चाला म्हणून पोरानं पिन टाकून काढली. ती पेन्शन ज्या दिवशी माणूस गेला त्या दिवसापर्यंतचीच त्याची असते. त्यापुढची सरकारची, ती वसूल होते, आणि वसुली आईच्या कुटुंब पेन्शनमधून होते. दुसऱ्या दिवसापासून आईची कुटुंब पेन्शन सुरू होते, म्हणजे नुकसान काही नसतं, पण हिशेब गुंतून पडतो. बँकेला आधी कळवा. नवरा-बायकोचं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ असं संयुक्त खातं असेल तर बायकोला तेच खातं पुढं चालवता येतं. आमचं तसं होतं, एवढं एक काम बिनबोभाट झालं.

ट्रंक उघडा

प्रत्येक फौजीच्या घरी एक काळी लोखंडी ट्रंक असते. त्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, ग्रुप विम्याचं प्रमाणपत्र, माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं कार्ड, कॅन्टीनचं कार्ड आणि कसलीकसली पिवळी पडलेली पत्रं असतात. एकही कागद टाकू नका. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद पुन्हा ट्रंकेत. झेरॉक्सच्या दुकानात मूळ कागद काचेखाली विसरून येणारी माणसं मी पाहिली आहेत, मी त्यांतलीच एक.

आता कुठं जायचं ते. आधी सोल्जर बोर्ड. तिथं निधनाची नोंद करा, म्हणजे तुमचं स्वतःचं विधवा ओळखपत्र निघतं. पुढच्या सगळ्या योजनांना तेच लागतं. मग रेकॉर्ड ऑफिस. प्रत्येक पलटणीचं वेगळं असतं: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महारांचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नलवाल्यांचं जबलपूरला. चुकीच्या ठिकाणी पत्र गेलं तर ते परत येईल याची हमी नाही. पत्रात पहिली ओळ आर्मी नंबर, हुद्दा, नाव. मग निधनाची तारीख, तुमचं नाव, पत्ता, मोबाइल. सोबत दाखला. पाकिटावरही नंबर लिहा. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. मी त्यासाठी वेगळं रजिस्टरच घातलं: तारीख, काय पाठवलं, कुणाला, पावती क्रमांक, उत्तर. अंगणवाडीची सवय कुठं जाते!

तिसरं ठिकाण स्पर्श. फौजेची पेन्शन आता या ऑनलाइन व्यवस्थेतून थेट खात्यात येते आणि तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयाकडे आहे. स्पर्शवर पेन्शनरच्या निधनाची नोंद करायची आणि तिथूनच कुटुंब पेन्शनचा अर्ज पुढं जातो. घरी जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये, संरक्षण पेन्शन वाटप कार्यालयात किंवा ज्या बँकेत स्पर्शचं सेवा केंद्र आहे तिथं करून देतात. दाखला, तुमचं आधार, पॅन, पासबुक, फोटो, पीपीओ आणि तुमचा स्वतःचा मोबाइल बरोबर पाहिजे. मोबाइल नंबर तुमचाच द्या. जावयाचा किंवा दुकानदाराचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जाणार. अर्ज झाला की जो क्रमांक मिळतो तो रजिस्टरात लिहा. आणि ‘स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर खुशाल ठेवून द्या.

फोटोवरून आठवलं. फोटोवाल्यानं मला विचारलं, ‘काकी, टिकली काढायची का?’ मी म्हटलं, आधारवर आहे ना, मग इथंही राहू दे. तो गप्प फोटो काढायला लागला. कागदाच्या दृष्टीनं सांगायचं तर फोटोतला चेहरा आधारच्या चेहऱ्याशी जुळला पाहिजे, बाकी कुणाच्या मनात काय आहे ते आपण बघायचं कारण नाही.

तांदळातलं नाव

आता माझे पाच महिने कुठं गेले ते सांगते, कारण दहातल्या निम्म्या बायका इथंच अडकतात.

आमच्या लग्नात रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं माझं नवीन नाव लिहिलं. आठवड्यानं सुट्टी संपवून परत गेले आणि पलटणीतल्या बाबूला तेच नाव सांगितलं. त्याप्रमाणे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नाची फौजेतली अधिकृत नोंद, निघाली, डिस्चार्ज बुकात तेच चढलं, पीपीओत तेच छापलं. गावात मात्र मला सगळे माहेरच्याच नावानं हाक मारायचे, कारण सासर-माहेर चार मैलांच्या आत. पुढं शाळेत आधारचं शिबिर लागलं तेव्हा मी शाळा सोडल्याचा दाखला पुढं केला. त्यावर माहेरचं नाव. मग आधारप्रमाणे पॅन, पॅनप्रमाणे बँक. झालं! कागदोपत्री ह्यांना दोन बायका. एक पेन्शनच्या आदेशात, दुसरी बँकेत.

तुमचं असं असेल तर हे करा. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र दंडाधिकाऱ्यासमोर करा. त्यात नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि दोन्ही नावं पूर्ण, स्पेलिंगसकट लिहा. जोडीला लग्नाची नोंद, शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. लग्नाची नोंद झालेली नसते, जुन्या लोकांची कुणाचीच नसते. तेव्हा सोल्जर बोर्डात काय चालेल ते विचारून घ्या. गरज पडली तर नावातला बदल राजपत्रात छापून घ्या. हे सगळं बाडबिस्तर स्वतः पोस्टात टाकण्याऐवजी सोल्जर बोर्डाच्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला जाऊ द्या. तिथं नोंद दुरुस्त झाली की प्रयागराजहून सुधारित पीपीओ निघतो. त्याआधी स्पर्शवर कितीही वेळा अर्ज केला तरी तो परत येणार.

माझे कागद एका कार्यालयातून दोनदा परत आले. नाव घेत नाही, तिथल्या मुलीनंच शेवटी मदत केली. पहिल्यांदा झेरॉक्सवर साक्षांकनाचा शिक्का नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा कारण काय, तर प्रतिज्ञापत्रात माझ्या माहेरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. नाव जुळवायच्या कागदातच नाव चुकलं! टायपिस्टला शिव्या घातल्या आणि मग लक्षात आलं की सही करायच्या आधी मीच वाचलं नव्हतं.

यावर दुसरा रामबाण सोपा आहे, पण तो नवरा जिवंत असतानाच चालतो. आज संध्याकाळी चहा झाला की ट्रंक उघडायला लावा आणि पीपीओतलं तुमचं नाव, जन्मतारीख, आधारशी ताडून बघा. चुकीचं असेल तर दुरुस्तीचा अर्ज तो स्वतःच्या सहीनं करू शकतो, आणि फौजीच्या स्वतःच्या सहीला जे वजन आहे ते विधवेच्या दहा प्रतिज्ञापत्रांना नाही. कुणी तोंड वाकडं करेल, ‘मी मरायची वाट बघतेस काय?’ बघू द्या वाकडं. घरात कायमचं दिव्यांग मूल असेल तर त्याचं नावही पीपीओत आत्ताच लावून घ्या. आई-बापामागं त्याला आयुष्यभर कुटुंब पेन्शन मिळू शकते.

किती मिळतात

साधी कुटुंब पेन्शन पेन्शनसाठी धरलेल्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, किमान ९,००० रुपये, वर महागाई भत्ता. सुरुवातीला काही काळ वाढीव दर असतो, ५० टक्क्यांपर्यंत. पण नवऱ्याच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. तो किती काळ? मृत्यूनंतर सात वर्षं, किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तो दिवस, यातलं जे आधी येईल तोवर. ह्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९५६. आमच्या वयाच्या निम्म्या महाराष्ट्राची जन्मतारीख १ जूनच आहे, गुरुजींची कृपा! म्हणजे मला वाढीव दर फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंतच. त्यानंतर रक्कम एकदम उतरली की बायका घाबरून बँकेत धावतात. ती चूक नसते, आधी आदेशातली तारीख बघा.

‘ह्यांनी पेन्शन विकली होती, मग मला कमी मिळणार का?’ हा प्रश्न हटकून येतो. नाही. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेणं, म्हणजे कम्युटेशन, त्याचा कुटुंब पेन्शनवर परिणाम होत नाही. बायको हयात नसेल तर २५ वर्षांखालच्या, न कमावणाऱ्या मुलांचा आणि पुढं अटींवर अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीचा हक्क येतो. तरुण विधवेनं पुन्हा लग्न करायचं ठरवलं तर नियम पेन्शनच्या प्रकारानुसार वेगळे आहेत. आधी सोल्जर बोर्डात विचारा, पण पेन्शनपायी लग्न मोडू नका.

राहिलेलं

ग्रुप विमा बघायला विसरू नका. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा विस्तारित विमा पेन्शनीत आल्यावरही चालू असतो, जास्तीत जास्त वयाच्या ७५ पर्यंत. रक्कम कोणत्या साली पेन्शन आली त्यावर असते. प्रमाणपत्र ट्रंकेतच असतं आणि घरच्यांना तो जुना निकामी कागद वाटतो. मुदत तपासा, दावा करा.

ईसीएचएसचं औषधपाणी तुम्हाला चालू राहतं. पॉलिक्लिनिकमध्ये दाखला देऊन ह्यांचं कार्ड जमा करा आणि तुमच्या नोंदी नवीन करून घ्या. कॅन्टीनचं कार्डही तुमच्या नावानं नवीन होतं. जुनं वापरत राहू नका. 

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदती हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी आहेत आणि त्या सोल्जर बोर्डामार्फत ऑनलाइन मागायच्या. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना त्यांच्या रकमा दुप्पट झाल्या: मुलीच्या लग्नाला १ लाख रुपये, दोन मुलांपर्यंत शिक्षणाला प्रत्येकी महिना २,००० रुपये, आणि ज्यांना पेन्शनच नाही अशा ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना व विधवांना महिना ८,००० रुपये. ही शेवटची मदत नीट ध्यानात ठेवा. पाच-सात वर्षं नोकरी करून पेन्शनीविना परतलेल्यांच्या म्हाताऱ्या बायका गावोगाव आहेत आणि ‘आपल्याला काही नसतं’ म्हणून त्या बोर्डाची पायरीच चढत नाहीत. महाराष्ट्रात माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना २०२० पासून एका घराची घरपट्टीही माफ आहे. ती आपोआप होत नाही. अर्ज आणि बोर्डाचा दाखला ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्यावा लागतो.

बँकेत नाहीतर कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून राहिलेल्यांच्या घरी परवान्याची बंदूक असते. परवाना त्या माणसाचा होता, तो गेला की घरात ठेवणं बेकायदा. लगेच पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या, मग वारसानं परवाना मागायचा की विकायची ते सावकाश ठरवा.

पेन्शन सुरू झाली तरी वर्षातून एकदा हयातीचा दाखला, जीवन प्रमाण, द्यावा लागतो. चुकला तर पेन्शन थांबते. पहिल्या वर्षी सेंटरवाल्याच्या मशीनवर माझा अंगठा उठेना. भांगलणी आणि भांडी यांनी रेषाच ठेवल्या नव्हत्या. दहाही बोटं झाली. मग त्यानं चेहरा दाखवून होणारं ॲप सांगितलं. आता दर नोव्हेंबरात मुलगा उजेडात खुर्ची टाकतो, मोबाइल समोर धरतो आणि म्हणतो, आई, डोळे मिचकव. मी मिचकावते. मग तो क्रमांक रजिस्टरात.